बावीस पॉइंट सहा

माझ्या हातून आकडा चुकत नाही. ही फुशारकी नाही, वैतागून सांगतेय. पंख्यांच्या कारखान्यात आरोग्य खोलीची नर्स म्हणून मी अकरा वर्षं काढली. दर तीन महिन्यांनी चारशे माणसं काट्यावर उभी केली आणि त्यातल्या एकाचंही वजन कधी अंदाजाने लिहिलं नाही. खिशातल्या किल्ल्या काढायला लावायची, कमरेचे पट्टे काढायला लावायची. एकदा तर खुद्द मॅनेजरसाहेबांना बूट काढायला लावले आणि त्यांच्या मोज्याचं भोक सगळ्या रांगेने पाहिलं. माझ्या माघारी मला काटेबाई म्हणतात हे मला ठाऊक होतं. तोंडावर मात्र सगळे नर्सबाईच म्हणत.

आमच्या खोलीत एकाच आकड्याला मान होता, तो म्हणजे बीएमआय. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचं आणि जे येईल त्याने किलोतल्या वजनाला भागायचं. उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या आत आलं की संगणकाच्या पडद्यावर तुमचा खाना हिरवा. त्याच्या खाली किंवा वर गेलात की पिवळा, फारच गेलात की लाल. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत आणि त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसायला जागा नसे. निम्मे जण रजेचा कागद मिळवायला आलेले. शेवटी मीच एक नियम केला. जखम किंवा ताप असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतं 'कसंतरी होतंय' म्हणणाऱ्याचा खाना हिरवा असेल तर त्याला डॉक्टर नाही. मॅनेजरसाहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो छापून भिंतीवर लावला.

या नियमावरून मला टोचून बोलणारी एकच बाई होती, आणि ती माझ्या घरात राहायची. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या आणि त्याच कारखान्यात शिवणखात्याच्या प्रमुख होत्या. चारशे जणांचे गणवेश त्यांच्या हाताखालून जात. एका घरात दोन मोजणाऱ्या बायका म्हटल्यावर जेवताना काय होत असेल ते सांगायला नको.

"तुझं बाई एका आकड्यात भागतं," त्या म्हणायच्या. "मला एका माणसाचे नऊ लागतात. तरी मेला सदरा बगलेत काचतोच."

"तुमचा सदरा उसवला तर टाका घालता येतो, वन्सं. माझ्याकडे माणूस उसवतो."

"मग त्याचा चौकोन कशाला करतेस? उंची गुणिले उंची म्हणजे चौकोनच ना? चादर बेततेयस का?"

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मालाच्या गाडीवर खोकी चढवणारा एक जण होता, सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याची छाती शेहेचाळीस, कंबर चौतीस, अंगावर चरबीचा कण नाही. तो दर खेपेला पिवळा यायचा आणि बाकावर बसून मला शिव्या घालायचा. उलट आमचा स्टोअरकीपर. दंड बॉबिनएवढे, पोट मात्र मडक्यासारखं पुढे, आणि जिना चढला की पाच मिनिटं भिंतीला टेकायचा. तो अकरा वर्षं हिरवा. हा आकडा म्हणजे पहिली चाळणी आहे, तो चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही, चाळणीत काय उरलं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं, असं आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि वही मिटली ती मिटलीच.

वन्संचा आकडा बावीस पॉइंट सहा. उंची एकशे त्रेसष्ट, वजन साठ. मला त्यांच्याशी बोलताना मान वर करावी लागायची. नवरा सांगायचा, लहानपणी आम्ही ताईला 'शिडी' म्हणायचो, माळ्यावरचं काही काढायचं झालं की शिडीला हाक मारायची.

हिवाळ्याच्या तपासणीत त्यांचं वजन पंचावन्न भरलं. उंची आम्ही दर वेळी घेत नसू. नोकरीला लागताना एकदा घ्यायची, पुढे ती आपोआप भरली जाते, कारण मोठ्या माणसाची उंची कशाला बदलतेय? पण तीन महिन्यांत आकडा फार उतरला की संगणक प्रश्नचिन्ह दाखवतो आणि उंची पुन्हा घ्यायला सांगतो. घेतली. एकशे छप्पन.

मला वन्संची काळजी वाटली नाही. मला राग आला, तो माझ्या आधीच्या नर्सचा. बाई भिंगाचा चष्मा कपाळावर ठेवून काम करायची, तिने तेव्हा सात सेंटिमीटरची चूक केली असणार. मी दुरुस्तीचं बटण दाबलं. ते दाबलं की नवीन उंची मागच्या सगळ्या नोंदींतही बसते, कारण चूक मागेही चूकच होती. खाना हिरवा झाला. आकडा आला बावीस पॉइंट सहा. दुरुस्तीच्या आधी, गेल्या वेळेलाही हाच आकडा होता हे माझ्या लक्षात आलं, पण रांग मोठी होती.

"पाच किलो उतरलात की, वन्सं," मी म्हणाले. "आधी पंचविसाच्या काठावर होतात म्हणायच्या. आता अगदी मधोमध."

"हो का? मग चांगलंच झालं," त्या म्हणाल्या आणि काट्यावरून उतरताना भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे एकदा वळून बघितलं.

पुढच्या खेपेला वजन पन्नास पॉइंट आठ. पुन्हा प्रश्नचिन्ह, पुन्हा उंची. एकशे पन्नास. या वेळी आधीच्या नर्सवर ढकलता येईना, कारण एकशे छप्पन मी स्वतः घेतले होते. मग मला त्यांचा अंबाडा आठवला. मागच्या वेळी पट्टीची फळी अंबाड्यावर टेकली असणार, डोक्यावर नाही! मला स्वतःचीच लाज वाटली. नवशिक्या पोरीही असली चूक करत नाहीत. मी मुकाट्याने बटण दाबलं. बावीस पॉइंट सहा, हिरवा.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहता, एका ताटलीतलं उचलून खाता, तुझे डोळे कुठे गेले होते? माझे डोळे आकड्यावर होते. शिवाय त्या वाळल्या नव्हत्या, खंगल्या नव्हत्या. उलट उंचीच्या मानाने अंग भरल्यासारखं दिसायचं, गाल वर आलेले. कारखान्यातल्या बायका त्यांना म्हणायच्या, तब्येत सुधारली हो तुमची. त्यांचे कपडे कधी लोंबताना दिसले नाहीत. फक्त एक गोष्ट मला सतावत होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. वन्सं खोलीत असल्या की मला जरा लांब उभ्या असल्यासारख्या वाटायच्या. ओट्याशी माझ्या शेजारी भाजी चिरत असतील, तरी पलीकडच्या भिंतीशी आहेत असं वाटायचं. मी त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले होते. त्या म्हणायच्या, "ओरडतेस काय, मी काय बहिरी झाले?"

तिसऱ्या तपासणीला मी त्यांना अनवाणी उभं केलं, केस सोडायला लावले, टाचा भिंतीला लावल्या. फळी खाली आणली. ती खाली येतच राहिली. एकशे बेचाळीस. आणि मी त्यांच्या भांगाकडे वरून बघत होते. ज्या बाईशी बोलताना मी वीस वर्षं मान वर केली, तिच्या भांगातले पांढरे केस मला वरून दिसत होते.

पडद्यावर विचारणा झाली, उंची दुरुस्त करायची का? मी नाही म्हटलं.

"काय गं, बसत नाही का तुझ्या चौकोनात?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज तेवढा होता तसाच होता.

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला गाठलं. तो पंख्याचं पातं घासून दुरुस्त करत बसला होता. त्याला म्हटलं, "तुमची ताई आखूड होतेय."

"आखूड होतेय म्हणजे? ती आहेच बुटकी."

"बुटकी? अहो, तुम्ही तिला शिडी म्हणायचात."

त्याने पातं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "शिडी? बुटक्या माणसाला कोण शिडी म्हणेल? वर्गात ती पहिल्या रांगेत उभी असायची, मास्तर तिला पेटीवर उभं करून कविता म्हणायला लावायचे." हे सांगताना तो हसत होता. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या लाल झाल्या नव्हत्या. त्याला खरंच ते आठवत होतं, पेटीसकट. मी बटण दाबून मागच्या सगळ्या नोंदी बदलल्या होत्या, आणि कुठवर मागे बदलल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. तो हसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शिवणखात्यात गेले. सगळ्या जेवायला गेल्या होत्या, वन्सं एकट्याच मशीनवर होत्या. त्यांच्या पायाखाली, मशीनच्या पायट्यावर, दोऱ्याच्या रिळांचं लाकडी खोकं बांधलेलं होतं. त्याच्याशिवाय त्यांचे पाय पायट्यापर्यंत पोचत नव्हते. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी निसटू नये म्हणून तिच्यात चिंधी कोंबलेली. मांडीवर त्यांचाच झगा होता आणि त्याची किनार त्या आत घेत होत्या. आधी घेतलेल्या दुमडींच्या तीन रेघा कापडावर स्पष्ट दिसत होत्या.

"वन्सं, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मशीनखालच्या खणातून मापांची वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्यांचं पान उघडलं. शिवणखात्यातल्या प्रत्येकीचं माप दर वर्षी घेतलं जायचं, त्यांचंही. वर्षानुवर्षं एकच, उंची चौसष्ट इंच, त्यांच्याच तिरप्या अक्षरात. मग यंदाच्या हिवाळ्यापासून दर आठवड्याला एक ओळ. त्रेसष्ट, साडेबासष्ट, साडेएकसष्ट. शेवटची ओळ त्याच दिवसाची होती. मी टेप घेऊन पुन्हा मोजलं. साडेबावन्न इंच, म्हणजे एकशे तेहतीस. काल दुपारपासून नऊ सेंटिमीटर.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. मला भीती वाटली की माझा आवाज चढतो.

"सांगणार होते. पहिल्या वेळी काट्यावरून उतरले तेव्हा सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "तर तूच म्हणालीस, अगदी मधोमध. पुढच्या वेळीही हिरवा. मला वाटलं, मी काय, कापड मोजणारी. तुझ्या आकड्यात बसतंय तर ठीकच असेल. तू कधी चुकत नाहीस ना."

त्या टोमणा मारत नव्हत्या, आणि तेच मला सहन झालं नाही. मी त्यांच्या मशीनवर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात एवढासा होता.

मग मी कामाला लागले. खाना हिरवा असेपर्यंत डॉक्टर बघणार नाहीत, नियम माझाच. पण हा खाना लबाडीने हिरवा राहत होता. उंची घटली की वजनही नेमकं उंचीच्या चौकोनाच्या मापाने घटायचं आणि भागाकार जागचा हलायचा नाही. मी वन्संना काट्यावर उभं केलं, वजन चाळीस. उंचीच्या जागी मापवहीतली खरी उंची घातली, एकशे त्रेसष्ट. संगणकाने तीनदा विचारलं, खात्री आहे का? तीनदा मी हो म्हटलं. आकडा आला पंधरा पॉइंट एक. खाना लालभडक झाला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा लाल रंग बघून मला हायसं वाटलं.

शुक्रवारच होता, दुपारी उशिरा डॉक्टर आले. तरुण, नम्र, सगळ्यांना अहोजाहो करणारे. लाल बघून त्यांनी वन्संना पहिल्यांदा आत घेतलं. नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं. मग त्यांच्याकडे एकदा, पडद्याकडे एकदा बघितलं.

"एकशे त्रेसष्ट?" ते हसले. "नर्सबाई, या बाईंची उंची कुणी घेतली?"

त्यांनी स्वतः वन्संना पट्टीखाली उभं केलं. मी मापवही पुढे केली, सगळ्या ओळी दाखवल्या, दुमडींच्या रेघा दाखवल्या. ते शांतपणे ऐकत होते. वही त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "टेप सैल धरला की होतं असं."

"मी बुटकी होतेय, डॉक्टर," वन्सं म्हणाल्या. "दर आठवड्याला."

"वयानुसार थोडी उंची कमी होते, बाई. भूक कशी आहे?"

"चांगली आहे."

"झोप?"

"लागते."

"कुठे दुखतं?"

वन्संनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या.

"आधीच्या कुणीतरी चुकीची घातली असणार," डॉक्टर म्हणाले. हे माझंच वाक्य होतं. थांबा, बटण दाबू नका असं मी ओरडले, खरंच ओरडले, बाहेरच्या बाकावरचे लोक दारात येऊन उभे राहिले. तोवर त्यांनी बटण दाबलं होतं. खाना हिरवा झाला. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला, समजूत घालायला. वन्संच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची यादी होती आणि प्रत्येक ओळीत उंची एकशे तेहतीस. "हे बघा. या पहिल्यापासून एवढ्याच आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही दोन दिवस रजा घ्या. थकलेल्या दिसताय."

पैलवान दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "तू सांग, या केवढ्या होत्या? तुझ्या सदऱ्याचं माप घ्यायला यांना कधी स्टूल लागलं होतं का?" तो बिचारा ओशाळला. "नर्सबाई, त्या कायम स्टुलावर चढूनच माप घेतात की," तो म्हणाला.

पुढच्या दहा दिवसांत मी त्यांना बाहेरच्या तीन दवाखान्यांत नेलं. रक्त उत्तम, हाडं उत्तम. प्रत्येक ठिकाणी आधी काटा, मग पट्टी, मग तो भागाकार. एका ठिकाणी तर तिथल्या नर्सने माझं अभिनंदन केलं, म्हणाली, या वयात इतका नेमका आकडा बघायला मिळत नाही. त्या नर्सचा मला राग आला नाही. ती नीट काम करत होती, किल्ल्यासुद्धा काढायला लावल्या होत्या. मोजून घरी आलो की सकाळी त्या आणखी उतरलेल्या असत. तिसऱ्या दवाखान्यानंतर वन्सं म्हणाल्या, "आता पुरे." परतताना रस्ता ओलांडायला मी त्यांचा हात धरला. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे बघून कौतुकाने मान हलवली, जसं लेकरू घेऊन चाललेल्या आईकडे बघतात. वन्संनी ते पाहिलं. पलीकडे पोचताच त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

घरी आल्यावर मी त्यांना कॉटवर बसायला मदत केली. नवरा बाहेर पेपर वाचत होता, त्याने ताईसाठी खालच्या फळीवर पाण्याचा तांब्या ठेवला होता, जसा तो आता 'नेहमी' ठेवत असे. वन्संचे पाय कॉटवरून लोंबत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आता त्यांनी माझी बाही धरली आणि सोडली नाही.

"तू रोज सकाळी मला मोजशील?" त्यांनी विचारलं. "कुठे लिहू नकोस. भागाकार करू नकोस. काल होते तेवढी आहे का, एवढंच सांग. दुसऱ्या कुणाला माहीतच नाही मी केवढी होते."

मी हो म्हटलं.

सकाळी त्या आधीच उठून भिंतीशी उभ्या होत्या, टाचा लावून, केस सोडून, डोळे गच्च मिटून. मी गुडघ्यांवर बसले. टेपचं टोक टाचेखाली दाबलं आणि वर नेलं. कालच्या मापापासून चार बोटं खाली माझा अंगठा थांबला. मी टेप पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. खोलीत त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"किती?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

अकरा वर्षांत मी कुणाला पावशेरही खोटा सांगितला नव्हता.

"तेवढ्याच आहात, वन्सं," मी म्हणाले.

"तू चुकत नाहीस ना?"

"नाही."

त्यांनी श्वास सोडला आणि डोळे उघडले. मी अजून गुडघ्यांवरच होते, आणि तरीही त्यांना माझ्याकडे मान वर करून बघावं लागलं.